तुरीचा दाणा अन् माही कवळी

ज्याच्या तोंडात एकही दात उरला नाई अन् नवी कवळी डबीत घालून जो खिशात घेऊन फिरते, त्याच्यासाठी हे लिहून राह्यलो. मीबी तसाच फिरलो. ज्यायचे सारे दात शाबूत हायेत त्यायनं वाचलं तरी हरकत नाई, पण त्यायले हे खरं वाटणार नाई.

लिहा म्हणून डॉक्टरीणबाईनं सांगतलं. मी तिच्यापाशी एवढ्या तक्रारी केल्या की एक दिवस ती म्हणाली, "काका, हे सगळं कागदावर उतरवा. पेशंट माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." मी म्हटलं, माहं त घरातही कोणी ऐकत नाई. ते अर्धं खोटं होतं. एका गोष्टीत सारं घर माहं ऐके.

आमचं गाव बाभुळगाव तालुक्यात. सात एकर वावर, कपाशी अन् मधातून तुरीचे तास, म्हंजे ओळी. तूर निघाली की घरच्या वरणासाठी वर्षाची तूर बाजूले काढाची, अंगणात ताडपत्रीवर वाळवाची अन् मंग पत्र्याच्या कोठीत भराची. कोठी कधी भराची ते मी सांगायचो. एक दाणा दाढेखाली धरायचा अन् दाबायचा. कट्ट करून दोन फाका झाल्या त तूर वाळली. दाणा चेपला, दाढेले चिकटला, त आणखी दोन उन्हं द्याची. माह्या बापानं मले तसंच शिकवलं. गल्लीतल्या बायाही मुठीत चार दाणे घेऊन येत. "भाऊजी, पाहा बरं जरा." मी दाणा फोडायचो, थुकायचो अन् सांगायचो. चाळीस वर्षात एकदाही कोणाची कोठी बिघडली नाई. मले शाळेत कधी नंबर भेटला नाई, गावात कोणतं पद भेटलं नाई. हे एवढं होतं.

अकरा

दात काई एकदम गेले नाईत. तीस वर्ष तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, खोटं कायले बोलू. हिरड्यातून रक्त ये, मी गुळणा करून बसायचो. मंग एक दिवस वांग्याची भाजी खाताना तोंडात कायतरी कडक लागलं. मी ते देठ समजून ताटाच्या कडेले ठेवलं. बायकोनं, म्हंजे सुमननं, वाकून पाह्यलं.

"अवो, हा देठ नाई. दात हाय तुमचा."

दुसऱ्या दिवशी तिनं मले एसटीत बसवलं अन् यवतमाळले नेलं. डॉक्टरीणबाई तरणी, माह्या पोरीच्या वयाची. तिनं एकेक दात चिमट्यानं हलवून पाह्यला अन् मोजत गेली. मंग खुर्ची सरळ केली.

"काका, अकरा राहिलेत आणि अकराही हलतात. आतलं हाड झिजलंय. हे वाचणार नाहीत. सगळे काढून पूर्ण कवळी बसवावी लागेल."

सुमन रडाले लागली. मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहून राह्यलो होतो. त्या चित्रात एक बाई सफरचंद खाऊन हासत होती. लोक सांगतात, धक्का बसला, डोळ्यापुढं अंधारी आली. मले काईच वाटलं नाई. मी डॉक्टरीणबाईले इचारलं, "पाचची गाडी भेटन का आमाले?"

गाडीत सुमन म्हणाली, "तुमाले काई वाटते का नाई?"

"दात दुखून राह्यला," मी म्हटलं. तोही दुखत नव्हता.

बधिर

तीन खेपेत अकरा दात निघाले. इंजेक्शन देल्यावर ओठ हाय का नाई ते हात लावून पाहा लागे. दुसऱ्या खेपेले गाडीत बाजूचा माणूस म्हणाला, "काका, शर्टावर रक्त पडून राह्यलं तुमच्या." मी आपलाच ओठ चावत बसलो होतो, अन् मले पत्ता नव्हता. संध्याकाळी इंजेक्शन उतरलं. पण मनावरचं काई उतरलं नाई. पुढचे कित्येक महिने मी तसाच होतो. कोणी हासवलं त हासायचो, कोणी जेव म्हटलं त जेवायचो.

हिरड्या भरून बसाले चार-पाच महिने थांबा, असं डॉक्टरीणबाईनं सांगतलं. ते महिने दुधात चुरलेल्या भाकरीचे, पातळ वरणाचे अन् गचक्या खिचडीचे होते. आरशात पाह्यलं की माहा बाप दिसे, शेवटच्या वर्षीचा, गाल आत गेलेला. फोनवर पोरगी म्हणे, "बाबा, तुमच्याकडं रेंज नाई का? काई समजून नाई राह्यलं." मी फोन सुमनच्या हाती द्यायचो.

घरात आमी चौघं. मी, सुमन, पोरगा गजानन अन् सून रूपाली. त्यायच्या लग्नाले तीन वर्ष झाले होते. सुनेसमोर ते पोपलं तोंड उघडणं मले जमलंच नाई. मी भिंतीकडं तोंड करून, तोंडावर दुपट्टा धरून जेवायचो. रूपालीले ते समजलं होतं. ताट ठेवलं की ती लगेच आत निंघून जाये.

एकदा सुमननं भाकर कुस्करून आणली अन् मी ताट ढकललं. वरण तिच्या लुगड्यावर सांडलं.

"सहा महिने झाले हाच गाळ खाऊन राह्यलो मी!"

तिनं आधी पालथी झालेली वाटी सरळ केली. मंग म्हणाली, "दात गेले, पण जीभ शाबूत राह्यली तुमची. डॉक्टरीणबाईले म्हणा, तीबी काढून टाका." लुगडं पुसून तिनं तेच ताट पुढं ओढलं अन् तो कुस्करा खाल्ला. "आजपासून मीबी हेच खाईन. मंग त झालं?" मले वाटलं रागानं म्हणून राह्यली. पण त्या दिवसापासून खरंच तिनं अख्खी भाकर तोंडात घातली नाई. मी तिले नको म्हटलं नाई. आता वाटते, म्हणाले पाह्यजे होतं.

त्याच्या आधी, दात काढले त्याच जानेवारीत, तूर निघाली होती. मले कोणी इचारलं नाई. दाढच नाई त इचारून काय कराल, त्यायची चूक नव्हती. गजानननं बायकोले म्हटलं, "तू पाह्य बरं." रूपालीनं दाणा फोडला, आणखी दोन उन्हं लागतीन म्हणाली, अन् दोन दिवसानं कोठी भरली. मी अंगणात खाटेवर पडून सारं ऐकत होतो. तिचं बरोबर निंघालं, तूर वर्षभर चांगली राह्यली. त्या दिवशी मी जेवलो नाई. पोट भरलं म्हणून सांगतलं.

डबी

पावसाळ्यात कवळी आली. पहिल्या दिवशी तोंडात एवढं सामान वाटलं की जीभ ठेवाले जागा नाई. लाळ सुटे, वकाऱ्या येत. बोलाले गेलो की खालची उठे. वरची त तरी टाळूले धरून राहे, खालची म्हंजे निस्ता ताप. डॉक्टरीणबाईनं नियम सांगतले. लहान घास घ्यायचा. दोन्ही बाजूनं चावायचं. पुढच्या दातानं तोडायचं नाई. रात्री काढून पाण्यात ठेवायची. टोचलं त दाखवाले याचं. मी मान हलवली अन् गाडीत बसल्याबरोबर सारं इसरलो.

तिसऱ्या दिवशी खाली डाव्या बाजूले असं टोचाले लागलं की डोळ्यात पाणी येऊन राह्यलं. मी कवळी काढली. खर्रा सुटला होता, त्याची स्टीलची डबी रिकामीच होती. कवळी त्यात घातली, डबी खिशात. यवतमाळले जायाच्या दिवशी दवाखान्यात पोचलो की कवळी तोंडात घालायचो.

"कुठं टोचतं काका? इथं तर काहीच दिसत नाही."

"तुमाले दिसत नाई म्हणून मी खोटं बोलून राह्यलो का?"

असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळेले मी म्हटलं, चष्मा लावा जरा. ती बिचारी हासली, मले आणखीच राग आला. हे दात आपल्या नशिबात नाईत, असं मी ठरवून टाकलं. सुमन म्हणाली म्हणून तिसऱ्यांदा गेलो, नाई त गेलो नसतो.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बंजारा तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. मारेगावकडची, हातभर गोंदलेलं, डोक्यावर ओढणी. मी दुपट्ट्याआड डबी उघडून कवळी तोंडात घालत होतो. तिनं ते पाह्यलं.

"क्यों बाबा, दात डबीत घालून आनला का?"

"टोचतात ना."

"मंग? चप्पल हातात घेऊन चालला, अन् वैद्याले म्हनते पायाचा फोड दाखवतो. फोड कुठून दिसन रे?" अन् ती खो खो हासली. तिचे पांढरेशुभ्र दात तोंडात घट्ट बसलेले. "कालपासून तोंडात ठेवाचे होते. दुखू द्याचे. लाल झालं म्हंजे बाईले जागा दिसते."

मी इचारलं, तुमी काय काय खाता. ती म्हणाली, "सारं खातो. बाटी खातो." मंग मले समजत नाई असं पाहून म्हणाली, "तुमी भाकर म्हनता, आमी बाटी म्हनतो. पन घास तुरीएवढा. अर्धा इकडं, अर्धा तिकडं. एकाच बाजूनं चावशीन त दुसरी बाजू उठन." डॉक्टरीणबाईनं हेच मले चारदा सांगतलं होतं. या म्हातारीनं सांगतलं तेव्हा ते डोक्यात घुसलं. तिचं नाव इचाराचं राहूनच गेलं.

मी त्या दिवशी आत गेलोच नाई. घरी आलो, दुसरा दिवसभर कवळी तोंडात ठेवली अन् तिसऱ्या दिवशी तसाच यवतमाळले गेलो. हिरडीवर लाल डाग होता. डॉक्टरीणबाईनं कवळीले आतून पांढरा लेप लावला अन् तोंडात दाबून बसवली. काढली त एका जागी लेप पुसला गेला होता. तिथंच तिनं बारक्या मशीननं घासलं, घर्रर्र, दोन मिनिटं. मंग दातावर निळा कागद ठेवून म्हणाली, "टक टक करा." जिथं निळा डाग जास्त, तिथं आणखी घासलं. कवळी तोंडात घातली. टोचत नव्हतं.

"एकदा येऊन भागणार नाही काका. तीन-चारदा यावं लागेल."

मी पाचदा गेलो. एका खेपेत कवळी बसते असं ज्याले वाटते, त्यानं ती आशा सोडून द्यावी.

मंग आधी केळं, मंग उकडलेलं अंडं, मंग मऊ पोळी. दसऱ्याच्या आसपास एक दिवस सुमननं जवारीची भाकर अन् झुणका वाढला. घास तुरीएवढा. अर्धा इकडं, अर्धा तिकडं. एक भाकर खायाले मले घंटाभर लागला. सुमन समोर बसून होती, तिचं ताट तसंच. मी शेवटचा घास गिळला तेव्हा ती म्हणाली, "आता मी माही भाकर खाऊ का?" अन् तिनं भाकर तोडली. मले बरं वाटाले पाह्यजे होतं. बरं झालं, एवढं समजलं.

एक गोष्ट मी कोणाले सांगतली नाई. चव ये, भूक भागे, पण चावल्याचं समजे नाई. पापड खाल्ला काय अन् भाकर खाल्ली काय, आवाजावरूनच ओळखा लागे. मले वाटलं, होईन सवयीनं.

कट्ट

जानेवारी आली. तूर ताडपत्रीवर पसरली. रूपालीनं दाणा उचलला तसा मी खाटेवरून उठलो.

"थांबा. मी पाह्यतो."

कडक दाणा चावू नका, हे डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं. मी दाणा डाव्या दाढेखाली ठेवला अन् दाबला. कट्ट! साऱ्या अंगणानं ऐकलं. आणखी एक घेतला. कट्ट! एक वर्षानं मी पुन्हा माह्या जागेवर उभा होतो, छाती फुगली माही.

"वाळली. भरा."

रूपालीनंबी तोपर्यंत एक दाणा फोडला होता. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती हळूच म्हणाली, "मामाजी, मले जरा नरम वाटून राह्यली. एक-दोन उन्हं आणखी..."

"चाळीस वर्ष मी पाहून राह्यलो, अन् तू मले शिकवतं? आवाज ऐकला नाई का तुनं?"

सुमन म्हणाली, "ऐकून तरी घ्या तिचं."

"भरा म्हटलं ना!"

गजानननं बायकोकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन् घमेलं उचललं. रूपाली आत गेली. मी त्या दिवशी सगळ्यायच्या पंगतीत बसून दोन भाकरी खाल्ल्या.

तीन आठवड्यानं रूपाली वरणासाठी तूर काढाले गेली. तिनं कोठीचं झाकण उघडलं अन् मले आवाज न देता सुमनले बलावून आणलं. सुमननं मले बलावलं. मी कोठीत हात घातला. आत गरम होतं. कोंदट वास आला. वरचे दाणे बरे होते, खाली ढेपा झालत्या, त्यावर पांढरी बुरशी. गजानन दारात उभा होता. त्यानं मले दोन शब्द सुनवाले पाह्यजे होते, मी वाट पाहून राह्यलो. तो वावरात निंघून गेला.

मी ओट्यावर बसलो. तोंड उघडंच राह्यलं होतं, ते मिटलं. मिटताना आवाज झाला. कट्ट.

तोंडात काईच नव्हतं.

मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. कट्ट. तोच आवाज, जसाच्या तसा. त्या दिवशी दाणा दाढेखाली चेपला असन, नाई त बाजूले सरकला असन. वाजली ती कवळीवर कवळी. माह्याच कवळीचा आवाज ऐकून मी सांगतलं की तूर वाळली, अन् ज्या पोरीचे सोताचे दात होते तिले सगळ्यायसमोर गप्प केलं. मले लाज वाटली. इंजेक्शन घेतल्यापासून पहिल्यांदा मले आतपर्यंत कायतरी वाटलं होतं, अन् ते हे होतं. मी लय वेळ तिथंच बसून राह्यलो.

पुढच्या खेपेले डॉक्टरीणबाईले खरं काय ते सांगतलं. तिनं आधी कवळी उजेडात धरून तडा गेला का ते पाह्यलं. मंग म्हणाली, "काका, दाणा कडक आहे का नरम, हे खऱ्या दातांची मुळं सांगतात. कवळीला मुळं नाहीत. ती जेवण चावून देईल. बाकीचं नका मागू तिच्याकडे." वाचणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. मले हे कोणी आधी सांगतलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ते सोडा.

अर्धी तूर उकिरड्यावर गेली. उरलेली सुमननं अन् रूपालीनं चाळली, निवडली अन् पुन्हा ताडपत्रीवर पसरली. उन्हं आता चांगली तापाले लागली होती. मी त्या दोघीयच्या मधात गेलो नाई. खाटेवर बसून चिमण्या हाकलल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी रूपाली माह्यापाशी आली. डोक्यावर पदर, तळहातावर चार दाणे.

"मामाजी, पाहा बरं जरा."

तिनं सरळ नवऱ्याले सांगतलं असतं तरी चाललं असतं. एवढं झाल्यावरही ती माह्यापाशी आली. मी सवयीनं दुपट्टा तोंडावर धराले उचलला. मंग खाली ठेवला. खालची कवळी काढली, मंग वरची काढली, तिच्यासमोर, अन् दोन्ही ओट्यावर ठेवल्या. माहं पोपलं तोंड तिनं पहिल्यांदा पाह्यलं. तिनं नजर खाली केली नाई.

"माह्यापाशी दात नाईत, बाई," मी म्हटलं. "तू पाह्य. त्या दिवशी माहं चुकलं."

तिनं एक दाणा दाढेखाली धरला अन् फोडला.

दोन हात दुरून मी तो आवाज ऐकला. बारीक, कोरडा, एकाच झटक्यात झालेला. चाळीस वर्ष तो माह्या तोंडात होत होता, बाहेरून कधी कान देऊन ऐकला नव्हता. कवळीच्या आवाजासारखा तो बिलकूल नव्हता. मले समजलं होतं. पण मी बोललो नाई, ती काय म्हणते त्याची वाट पाह्यली.

तिनं दोन फाका तळहातावर काढून पाह्यल्या. "वाळली, मामाजी."

गजानन गोठ्यापाशी होता. मी तिथूनच आवाज देला, पण बिनदाताचे शब्द त्याले समजले नाईत. "काय म्हणता, बाबा?" ओट्यावरची कवळी उचलून तोंडात घालावं, असं एकदा वाटलं. घातली नाई. तशाच पोपल्या तोंडानं मी दुसऱ्यांदा ओरडलो, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं.

"कोठी भर! रूपालीनं सांगतलं!"